घरातला पट पुन्हा मांडू या

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : मुलांना गुंतवायचे कशात? या प्रश्नातच खरी अडचण दडलेली आहे. मुलांना कशात तरी गुंतवावे आणि मोठ्यांनी आपापल्या कामाला लागावे, असा हिशेब त्यामागे असतो. मग दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल हे सर्वांत स्वस्त उत्तर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढील बैठा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, असे त्यांत म्हटले आहे. ही मर्यादा पाळायची, तर उरलेल्या तासांत घरात काहीतरी घडावे लागते आणि ते घडवण्यात मोठ्यांना सहभागी व्हावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांनी माळ्यावरचे पट, पत्त्यांचे जोड आणि कवड्यांच्या पिशव्या खाली काढल्या. त्या वेळी अनेकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. खेळाचे साहित्य घरात होते, पण नियम सांगणारे माणूस एखादेच उरले होते. आपल्याकडील बरेचसे घरगुती खेळ पुस्तकांतून आलेले नाहीत. ते आजीकडून नातीकडे, मामाकडून भाच्याकडे आले आहेत. एक पिढी खेळली नाही, तर खेळाचा तो प्रकार त्या घरापुरता संपतो. म्हणूनच सुटीतील खेळांकडे केवळ वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहू नये. ज्या खेळांत आजीआजोबा, आईवडील आणि मुले एकाच पंगतीत बसू शकतात, अशा काही खेळांची आणि हस्तकलांची ही ओळख.

खेळ निवडताना

घरगुती खेळ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वयाचा फरक खेळात फार जाणवू नये. दान कवड्यांवर किंवा फाशांवर पडत असेल, तर सहा वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा जवळजवळ बरोबरीने खेळू शकतात. दुसरी, आपली पाळी येईपर्यंत लहान मुलाला फार वेळ थांबावे लागू नये. तिसरी, खेळ रात्रीच्या जेवणाआधी संपावा किंवा जसाच्या तसा उद्यावर ठेवता यावा. याखेरीज एक पथ्य मोठ्यांनी पाळायचे : मुलाला बरे वाटावे म्हणून मुद्दाम हरू नये. मुलांना ते लगेच कळते आणि मग जिंकण्यातील गोडी जाते. डाव समतोल करायचा असेल, तर लहानांना सुरुवातीलाच उघडपणे एखादे दान जास्त द्यावे.

सारीपाट आणि पच्चिशी

वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत असल्याचे शिल्प एकाहून अधिक ठिकाणी कोरलेले आहे. देवादिकांच्या घरातही पतीपत्नी समोरासमोर बसून खेळत आणि भोवतीची मंडळी तो डाव पाहत, ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते. याच कुळातील पच्चिशीचे इंग्लंडमध्ये सुटसुटीत रूपांतर झाले आणि १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. तोच आजचा ल्युडो. म्हणजे मोबाइलवर ल्युडो खेळणारे मूल अजाणता पच्चिशीच्या अंगणातच उभे असते. त्याला मूळ पटापर्यंत नेणे अवघड नाही.

अधिक चिन्हाच्या आकाराचा हा पट जुन्या चादरीच्या तुकड्यावर किंवा फरशीवर खडूने आखता येतो. चार बाजूंना चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे एकूण ९६ घरे आणि मधोमध मोठा चौक. प्रत्येकाच्या चार सोंगट्या असतात. सोंगटी चौकातून निघून आपल्या मधल्या रांगेने खाली उतरते, बाहेरच्या घरांवरून पटाला फेरी घालते आणि पुन्हा मधल्या रांगेने चौकात परतते. वाटेत प्रतिपक्षाची सोंगटी असलेल्या घरात आपली सोंगटी पडली, तर ती मारली जाते. फुलीच्या घरात मात्र अभय असते. समोरासमोरचे दोघे भिडू असतात. आजी आणि नातू एका पक्षात, वडील आणि मुलगी दुसऱ्या पक्षात अशी वाटणी केली, तर घरातील नेहमीच्या बाजूही बदलतात.

सहा कवड्यांनी खेळण्याच्या एका प्रचलित रीतीत दोन ते सहा कवड्या उताण्या पडल्या, तर तितकेच दान मिळते. एकच उताणी पडली तर दहा आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. खेळाचे नाव या पंचविसावरूनच पडले आहे. मोठ्या मुलांसाठी यात एक सुंदर प्रयोग आहे. एकच कवडी शंभर वेळा टाकून ती किती वेळा उताणी पडते, याची नोंद त्यांना ठेवू द्यावी. कवडीच्या दोन बाजू नाण्यासारख्या सारख्या नसतात, त्यामुळे उत्तर नेमके निम्मे येईलच असे नाही. संभाव्यतेचा धडा शाळेत येण्यापूर्वी तो असा हाताला कळतो. मात्र घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर कवड्या, चिंचोके आणि सागरगोटे खेळ संपताच मोजून डब्यात ठेवावेत.

घरचा मोक्षपट

सापशिडी हा खेळही आपल्याच देशातून बाहेर गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये पोहोचला आणि तेथून बाजारी रूप घेऊन परत आला. मूळ ज्ञानचौपट किंवा मोक्षपटावर घरांना अर्थ होता. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण आणि शेवटी मोक्ष. ७२ किंवा ८४ घरांचे असे पट आढळतात. महाराष्ट्रात मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते.

घरचा मोक्षपट तयार करणे हा एका दुपारचा उत्तम उद्योग आहे. कार्डशीटवर सहा सेंटिमीटरचे चौकोन आखून एका ओळीत नऊ अशा आठ ओळी काढाव्यात. ७२ घरे सहज मावतात. खरी गंमत साप आणि शिड्यांची नावे ठरवण्यात आहे. प्रत्येकाने दोन साप आणि दोन शिड्या सुचवायच्या, पण साप सुचवताना तो घरातील सर्वांना लागू पडला पाहिजे. ‘गृहपाठ टाळणे’ हा साप वडिलांनी मांडला, की ‘जेवताना फोन घेणे’ हा साप मुले मांडणारच. दोन्ही पटावर आले पाहिजेत. घराची शिस्त एरवी वरून खाली येते. या पटावर ती सर्वांच्या संमतीने लिहिली जाते आणि फासा कोणाचीही भीड धरत नाही.

दोघांसाठी नवकंकरी

सारीपाटाला चौघे हवेत, पण कधी घरात दोघेच असतात. अशा वेळी नवकंकरी उपयोगी पडते. एकात एक असे तीन चौकोन काढावेत आणि त्यांच्या बाजूंचे मध्य रेषांनी जोडावेत. कोपरे आणि मध्य मिळून २४ ठिकाणे होतात. एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ खडे. आळीपाळीने एकेक मोहरा मांडायचा. रेषेवर आपले तीन ओळीने आले, की दुसऱ्याचा एक उचलायचा. सगळे मांडून झाले, की शेजारच्या मोकळ्या ठिकाणी सरकवत खेळ पुढे चालतो. ज्याच्याकडे दोनच उरतात, तो हरला. या खेळात दैवाचा भाग नाही, सगळा विचाराचा. महाराष्ट्रातील लेण्यांत, मंदिरांच्या ओट्यांवर आणि गडांवरील पाषाणांवर असे पट कोरलेले दिसतात. सहलीला गेल्यावर ते शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे.

पत्ते : बावन्न आणि एकशेवीस

पत्त्यांना जुगाराशी जोडून अनेक घरांनी त्यांना दाराबाहेर ठेवले. वास्तविक पैसा न लावता खेळलेले पत्ते स्मरणशक्ती, अंदाज आणि भिडूवरचा विश्वास यांची चांगली तालीम देतात. लहानांपासून सुरुवात करायची तर बदाम सात. बदामाची सत्ती मांडून प्रत्येक रंग वर आणि खाली लावत न्यायचा; ज्याच्याकडे लावण्याजोगे पान नाही, त्याने ‘पास’ म्हणायचे. अंक आणि क्रम नुकते शिकलेले मूलही यात रमते.

तिघेच असतील तर पाच-तीन-दोन. प्रत्येक रंगाची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पाने आणि दोन सत्त्या अशी ३० पाने घ्यावीत. प्रत्येकाला दहा येतात. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. पाचवाला पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलतो. ज्याचे हात कमी पडतात, त्याच्याकडून पुढच्या डावात जास्त हात करणारा पाने ओढतो. जबाबदारी पाळीपाळीने फिरते, म्हणून प्रत्येकाला कधी पाचाचे ओझे आणि कधी दोनाची चैन अनुभवायला मिळते. चौघांसाठी मेंढीकोट आहेच. त्यात दश्श्या पकडायच्या असतात आणि भिडूच्या मनातले ओळखावे लागते.

पत्त्यांचे आणखी एक देखणे रूप महाराष्ट्रातच टिकून आहे. सावंतवाडीची गंजिफा गोल असते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. ही कला लोप पावत असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला आश्रय दिला. २०२४ मध्ये सावंतवाडी गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. घरी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून वाटीच्या मापाने वर्तुळे कापून आपली गंजिफा करता येते. दहाऐवजी चार रंग पुरे. ४८ पाने होतात. आपल्या गावाच्या खुणा रंग म्हणून घ्याव्यात. कोकणातील घराने आंबा, नारळ, भात आणि मासा घ्यावा. विदर्भातील घराने संत्रे, कापूस, वाघ आणि साग. राजा आणि प्रधान कोणाच्या चेहऱ्याचे काढायचे, यावर घरात जी चर्चा होते, तीही खेळाचाच भाग होय.

शब्दांची शिदोरी

प्रवासात, वीज गेल्यावर किंवा दूर राहणाऱ्या नातवंडांशी फोनवर बोलताना साहित्य न लागणारे खेळ हवेत. गावांच्या भेंड्या आणि ‘नाव-गाव-फळ-फूल’ यांना तोड नाही. दुसऱ्या खेळात एकाने अक्षर सांगायचे आणि सर्वांनी त्या अक्षराचे शब्द लिहायचे. कोणाशी न जुळणाऱ्या शब्दाला दहा गुण, जुळणाऱ्याला पाच. या चार रकान्यांना पाचवा जोडावा : ‘आजोळचा शब्द’. आजीच्या बोलीतील, शहरातील मुलांनी न ऐकलेला शब्द तेथे चालेल. मात्र सांगणाऱ्याने त्याचा अर्थ आणि वापर सांगितला पाहिजे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी अशा बोली ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी बोलल्या जात, तेथे हा रकाना सर्वांत आधी भरतो आणि सर्वांत जास्त वेळ घेतो. परदेशी वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवण्याचाही हा बिनत्रासाचा मार्ग आहे.

किल्ला : मातीतला भूगोल

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची प्रथा महाराष्ट्राने जिवापाड जपली आहे. हल्ली तयार किल्ले विकत मिळतात. पण विकतच्या किल्ल्यात मुलांना करण्यासारखे काहीच उरत नाही. घरी अंगण नसेल तर सज्जात जुन्या पत्र्यावर किंवा मोठ्या परातीत दोन फुटांचा किल्लाही पुरेसा होतो. विटा आणि दगडांचा उंचवटा रचून त्यावर गोणपाट टाकावे, चिखलाचा थर द्यावा आणि ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी पेरावी. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरले, तर सणाला डोंगर हिरवा होतो.

मनाला येईल तसा डोंगर करण्यापेक्षा एखादा खरा गड निवडावा. रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी असलेला राजगड यासाठी उत्तम. मध्यभागी उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. नकाशा पुढे ठेवून मुलांना प्रश्न विचारावेत : पाली दरवाजा कोणत्या बाजूला येईल? पद्मावती तळे कोठे खणायचे? शत्रू संजीवनी माचीकडून आला तर बालेकिल्ल्यावरील पहारेकऱ्याला तो दिसेल का? मातीत बोटे घालून शोधलेली ही उत्तरे सहसा विसरली जात नाहीत. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतीक असलेल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत, तर बारावा जिंजी तामिळनाडूत. दरवर्षी एक गड करायचे ठरवले, तरी मूल शाळा संपवीपर्यंत ही यादी जवळजवळ पुरी होते.

चोवीस काड्यांचा आकाशकंदील

बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील वाटतो तितका अवघड नाही. वीस सेंटिमीटर लांबीच्या २४ काड्या घ्याव्यात. कामट्या तासण्याचे काम मोठ्यांनीच करावे. चार काड्यांचा एक चौकोन दोऱ्याने बांधावा आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर दोन-दोन काड्यांचा त्रिकोण उभा करावा. असाच दुसरा संच तयार करावा. आता एका चौकोनाच्या त्रिकोणांची टोके दुसऱ्याच्या टोकांना बांधली, की सांगाडा उभा राहतो. वर आणि खाली एकेक चौकोन, कडेने चार तिरके चौकोन आणि आठ त्रिकोण. सुरुवातीला तो डुगडुगतो. कागद ताणून चिकटवला की ताठ होतो.

पतंगाचा कागद प्रत्येक बाजूने एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापावा आणि मैद्याच्या खळीने काडीवर दुमडून चिकटवावा. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवावा, म्हणजे दिवा आत सोडता येतो. झिरमिळ्या कापणे हे सर्वांत लहान हातांचे काम. आत पणती किंवा मेणबत्ती न ठेवता कमी तापणारा एलईडी दिवाच लावावा. कोठे सुरकुती पडली किंवा रंग बिघडला, तरी मोठ्यांनी तो भाग मागाहून दुरुस्त करू नये. मुलाने चिकटवलेला वाकडा कागद रात्री उजेडात तितकाच उजळतो.

उजेड आणि सावली

भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, रस्त्याकडे किंवा बागेकडे खिडकी असलेली खोली निवडावी. जाड पुठ्ठा आणि काळ्या कागदाने खिडकी पूर्ण झाकून पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढे एकच भोक पाडावे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचे दृश्य उलटे उमटलेले दिसते : आकाश खाली, झाडे वर, रस्त्यावरून जाणारी माणसे डोक्यावर चालणारी. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे वरचे किरण भोकातून खाली आणि खालचे वर पोहोचतात. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली दिसते, ती याच नियमाने. भोक लहान-मोठे करून पाहावे; लहान भोकाने चित्र रेखीव पण अंधुक होते, मोठ्याने उजळ पण पुसट.

रात्री त्याच खोलीत सावल्यांचे नाटक करता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी यांची परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला. घरी पांढरी चादर, मागे एक विजेरी आणि जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेली पात्रे पुरतात. पात्राला मागून काडी लावावी आणि हात हलता हवा असेल तर दोन तुकडे दोऱ्याच्या गाठीने जोडावेत. कथा पुराणातीलच हवी असे नाही. आजोबांची पहिली नोकरी, आईची शाळेची वाट, घरातील कोणी गाव सोडून शहरात आल्याचा दिवस, असे विषय घेतले, तर नाटकाच्या तयारीत घराचा इतिहास आपोआप बोलला जातो.

घरचा अंक

मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ चा अंक ओळखला जातो. हस्तलिखित अंकांचीही आपल्या शाळांतून मोठी परंपरा होती. सुटीच्या अखेरीस घराचा असा एक अंक काढावा. संपादक घरातील सर्वांत लहान लिहिते मूल असावे आणि त्याने मोठ्यांकडून वेळेवर मजकूर मागून घ्यावा. आजीच्या हाताचा एखादा पदार्थ, वाटी-चमच्याच्या मापासह, काकांचे प्रवासवर्णन, धाकट्याचे चित्र, किल्ल्याचा नकाशा, मोक्षपटावर ठरलेल्या सापांची यादी. एकच प्रत काढावी आणि ती जपून ठेवावी.

या अंकात एक पान न चुकता असावे : आपल्या घरी खेळल्या जाणाऱ्या खेळांचे नियम. पच्चिशीत पहिली सोंगटी कोणत्या दानाला निघते, पाच-तीन-दोनमध्ये पाने कशी ओढतात, सागरगोट्यांच्या कोणत्या फेरीला काय म्हणतात, हे घराघरांत वेगळे असते आणि बहुधा कोठेच लिहिलेले नसते. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांच्या शेजारी बसून, एक डाव खेळून, मुलाने ते लिहून घ्यावे. पुढच्या सुटीत पट उलगडताना नियम कोणाला विचारायचे, हा प्रश्न मग पडणार नाही.